न दिसणारी डुलकी

रविवारच्या अध्यक्षीय भाषणात आभार कोणाचे आणि कोणत्या क्रमाने मानावेत, याची जुळणी धर्मराज फदाट यांनी सकाळपासून अनेकदा केली आणि अनेकदा मोडली होती. वयाने ज्येष्ठ त्यांना आधी घ्यावे, तर ज्यांनी ग्रंथ मनापासून वाचला ते मागे पडत होते. वाचणाऱ्यांना आधी घ्यावे, तर सगळ्यांनीच तो मनापासून वाचला होता, आणि तसे लिहूनही दिले होते. हा पेच त्यांना मनातून गोड वाटत होता. टेंभुर्णीसारख्या गावात बसून, शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यानंतर, मराठी वाक्याच्या बांधणीवर एखाद्याने विस्तृत ग्रंथ लिहावा आणि त्याचे प्रकरणामागून प्रकरण वाट पाहून वाचणारी माणसे त्याला लाभावीत, हे सुख मोठमोठ्या विद्यापीठांतल्या पंडितांच्याही वाट्याला येत नाही, असे त्यांचे प्रामाणिक मत होते.

ही माणसे त्यांना लाभली होती 'गद्यपीठा'वर. गद्यपीठ म्हणजे इंटरनेटवरची एक चर्चेची जागा: एकाने विषय मांडावा, इतरांनी त्याखाली उत्तरे लिहावीत, आणि ते सारे वर्षानुवर्षे तसेच राहावे. धर्मराज आणि जाफराबादचा महेमूद या शाळेपासूनच्या दोन मित्रांनी ती उभी केली होती. त्यातली बुद्धी धर्मराजांची आणि यंत्र महेमूदचे, अशी वाटणी पहिल्या दिवसापासून ठरलेली होती व तिच्याविषयी उभयतांत कधी वाद झाला नव्हता. बाकी सर्व गोष्टींविषयी झाला होता.

रविवारी जालन्याला गद्यपीठाचे संमेलन होते आणि पूर्ण झालेल्या ग्रंथाचा तेथे गौरव व्हायचा होता; त्यातले सातवे प्रकरण धर्मराज स्वतः वाचून दाखवणार होते. भाषणात सभासदांच्या अभिप्रायांतली दोन-चार वाक्ये उद्धृत करावीत, या हेतूने धर्मराजांनी संगणक उघडला. महेमूदने आदल्याच दिवशी गद्यपीठाचे सारे बिऱ्हाड जुन्या सर्व्हरवरून नव्या सर्व्हरवर हलवले होते. पाने लवकर उघडत होती, अक्षरे सुबक दिसत होती. मात्र सगळीकडचे चेहरे नाहीसे झाले होते. जिथे हात जोडलेली आकृती असायची तिथे :वंदन: असा उघडा शब्द होता, जिथे हसरा चेहरा असायचा तिथे :स्मित:.

या चेहऱ्यांवरून त्या दोघांत पूर्वी मोठा झगडा झाला होता. ज्या वाक्याला आपला भाव सांगण्यासाठी शेपटीला चेहरा बांधावा लागतो ते वाक्य जन्मतःच दुबळे, असा धर्मराजांचा सिद्धान्त होता. "अरे, पण लोकं येऊन राह्यले, टिंबं आणि कंस टाकून हसून राह्यले," असे महेमूदचे उत्तर होते, "चेहरे न्हाई दिले तर कंसांचा खच पडंल तुझ्या गद्यपीठात." अखेर तडजोड अशी झाली की चेहरे मोजके असावेत आणि त्यांच्या खुणा शुद्ध मराठीत असाव्यात. आधी अपूर्णविराम, मग शब्द, मग पुन्हा अपूर्णविराम. एवढेच नव्हे, तर चित्रांच्या फायलींची नावेसुद्धा मराठीतच असली पाहिजेत, हा हट्टही धर्मराजांनी पुरा करून घेतला होता.

ही किमया चालते कशी, ते महेमूदने तेव्हाच त्यांना समजावून दिले होते. गद्यपीठाच्या पोटात एक तक्ता असतो. त्याच्या एका बाजूला खूण आणि दुसऱ्या बाजूला तिचे चित्र. लेखात साठवली जाते ती केवळ खूण. पान उघडताना यंत्र तक्ता पाहते आणि खुणेच्या जागी चित्र नेऊन बसवते. चित्र सापडले नाही तर खूण जशीच्या तशी उघडी राहते. चित्र बदलले तर जुन्या लेखांतही नवेच चित्र दिसू लागते, कारण लेखात चित्र कधी नव्हतेच. "म्हणजे लिहिलेले एक आणि दिसणारे दुसरे," असे धर्मराज त्या वेळी नापसंतीने म्हणाले होते, आणि महेमूद "हां, बराबर," म्हणून हसला होता.

तेव्हा चेहरे गेले आणि खुणा उघड्या पडल्या, यात त्यांना नवल वाटले नाही. फायलींची मराठी नावे नव्या यंत्राला वाचता आली नसतील, हे त्यांनी आपणच ताडले. ते पहिल्या प्रकरणाखालचे अभिप्राय वाचू लागले. जालन्याचे कापडाचे व्यापारी राधेश्याम हे गद्यपीठाचे सर्वांत उत्साही सभासद. त्यांचा अभिप्राय नेहमीप्रमाणे सर्वांत वर होता.

"सर, हे प्रकरण म्हणजे दीपस्तंभ. आजवर आम्ही अंधारात चाचपडत होतो. :डुलकी:"

धर्मराजांनी चष्मा काढून पुसला व पुन्हा लावला. डुलकी नावाचा चेहरा त्यांनी मंजूर केलेल्या चेहऱ्यांत नव्हता. खुणांचा मसुदा त्यांचाच होता; ते झोपेतही तो म्हणून दाखवू शकले असते. हा टंकलेखनातला काही प्रमाद असावा, असे धरून ते खाली गेले. अंकुशनगरच्या साखर कारखान्यात काम करणाऱ्या वसंताने लिहिले होते, "सरांच्या युक्तिवादाला तोड नाही. दोनदा वाचले तरी तहान भागत नाही. :डुलकी:"

त्याखालच्याने लिहिले होते, "निःशब्द. :डुलकी:"

दुसरे प्रकरण, तिसरे, चौथे. जो जो अभिप्राय भाषणासाठी आपण मनाशी निवडून ठेवला होता, त्या त्या अभिप्रायाच्या शेवटी तो शब्द दोन्ही बाजूंच्या टिंबांसह बसलेला त्यांना आढळला. जितकी स्तुती अधिक तितक्या डुलक्या अधिक. नवव्या प्रकरणाखाली राधेश्यामांनी "आपण आमचे डोळे उघडले" असे लिहून पुढे ओळीने तीन डुलक्या टाकल्या होत्या.

अर्थ लावण्यासाठी पांडित्याची गरज नव्हती. तरीही धर्मराजांनी, स्वभावाप्रमाणे, इतर सर्व अर्थ आधी तपासून पाहिले. नव्या यंत्राने एखादी खूण दुसऱ्या खुणेशी बदलली असावी काय? तसे असते तर इतर विषयांखालीही ती आली असती. त्यांनी शब्दांच्या व्युत्पत्तीचा विभाग पाहिला, जुन्या पुस्तकांच्या देवघेवीचा पाहिला. तिथे डुलकी नव्हती. ती फक्त त्यांच्या ग्रंथाखाली होती.

आपल्याला ती इतकी वर्षे का दिसली नाही, याचेही उत्तर त्यांना मिळाले, आणि ते त्यांच्याच एका सवयीत होते. दुसऱ्याच्या लेखनातले वाक्य उत्तरात घ्यायचे तर गद्यपीठावर त्यासाठी एक कळ होती. ती दाबली की मूळ मजकूर खुणांसकट उत्तराच्या चौकटीत येई. धर्मराजांनी ती कळ कधीही वापरली नव्हती. सभासदांचे शुद्धलेखन जसेच्या तसे आपल्या उत्तरात शिरू देणे त्यांना मानवत नसे. ते प्रत्येक वाक्य स्वतः पुन्हा लिहीत, त्यातल्या चुका दुरुस्त करीत आणि मग त्याचा परामर्श घेत. एकदा जरी आळस केला असता तरी हे कळले असते.

आता त्यांना एकाच गोष्टीचे भय वाटू लागले, आणि ते इतके मोठे होते की त्यापुढे बाकीचे सारे सभासद मिळून चिमूटभर झाले. महेमूदचेही अभिप्राय प्रत्येक प्रकरणाखाली होते. लहान, दोन ओळींचे, पण असायचेच. राधेश्याम हसला तर एक कापडदुकानदार हसला. वसंता हसला तर परका पोरगा हसला. महेमूद हसला असेल तर शाळेतल्या बाकापासूनचे सगळे आयुष्य पुन्हा तपासायला घ्यावे लागणार होते.

ते पहिल्या प्रकरणाकडे परतले. "धर्मा, उदाहरण चांगलं निवडलं. शेवटचा परिच्छेद घाईत झाला वाटतं." पुढे काही नाही. दुसरे: "हे पटलं." पुढे काही नाही. प्रकरणामागून प्रकरण त्यांनी अशा सावधपणे उघडले, जसा एखादा डॉक्टर घरच्याच माणसाची नाडी पाहतो. एकाही ठिकाणी डुलकी नव्हती.

"भाकरी थंड व्हायली," दैवशालाबाई दारात येऊन म्हणाल्या. नवऱ्याचे तोंड पाहून त्यांनी स्वर बदलला. "काय झालं? पुन्हा कुणी तुमचं वाक्य छोटं केलं का?"

"जाफराबादला जाऊन येतो. महेमूदला भेटायला हवं."

"परवा तर दिवसभर होता इथं. फोन करा की."

"हे फोनवर सांगण्यासारखं नाही. आम्हा दोघांना फसवलंय लोकांनी."

जाफराबादच्या काळीपिवळी जीपमध्ये मागच्या बाकावर कोंबून बसलेले धर्मराज वाटभर मनाशी निवेदन रचत होते. महेमूद किती संतापेल, याचाही त्यांना अंदाज होता. गद्यपीठ त्याच्याही घामाने उभे होते. त्याच्या अंगणात येऊन या लोकांनी हा आचरटपणा केला होता. दोघे मिळून उत्तर लिहितील, संमेलन रद्द करतील, राधेश्यामांचे सभासदत्व काढतील. पूर्वी एकदा असे पाऊल उचललेले होतेच. राजनंदिनी नावाच्या एका बाईंनी सातव्या प्रकरणावर लिहिताना प्रत्येक आक्षेपाच्या शेवटी हसरा चेहरा लावला होता. गंभीर चर्चेत थिल्लरपणा, या कलमाखाली धर्मराजांनी त्यांना काढायला लावले होते. महेमूदने तेव्हा थोडे आढेवेढे घेतले होते, पण काढले होते.

बसस्थानकाच्या समोर महेमूदचे दुकान होते. झेरॉक्स, ऑनलाइन अर्ज, पासपोर्ट फोटो, आणि मागच्या बाजूला प्लायवूडच्या आडोशामागे गद्यपीठाचा कारभार. दुपारची वेळ असल्याने गिऱ्हाईक नव्हते. महेमूद पडद्याकडे तोंड करून बसला होता आणि त्याच्या बाजूचा चहा साय धरून पडला होता.

"ये, धर्मा," तो म्हणाला, पण वळला नाही. "चित्रं गेली सगळी. तुझ्या मराठी नावांनी जान काढली माझी. एकेका फायलीचं नाव बदलून राह्यलो सकाळपासून. संध्याकाळपर्यंत होतंय सगळं."

"चित्रं राहू दे. महेमूद, तू अभिप्राय पाहिलेस का?"

"कोणते अभिप्राय?"

"ग्रंथाखालचे. त्यांत एक खूण आहे."

महेमूदने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "असंल काही. दोन तास दे मला, सगळं पहिल्यासारखं दिसंल."

"पहिल्यासारखं दिसून चालणार नाही. तू नीट ऐकून घे." धर्मराज स्टूल ओढून बसले आणि वाटेत रचलेले निवेदन त्यांनी सुरू केले. तर्क चढवत नेण्याची त्यांना लहानपणापासून आवड होती. "तक्त्यात नसलेली खूण कोणी लिहिली तर काय होतं?"

"धर्मा, चहा सांगतो."

"उत्तर दे."

"तशीच दिसती. उघडी."

"म्हणजे डुलकी ही खूण तक्त्यात नसती तर ती मला पहिल्याच दिवशी उघडी दिसली असती. दिसली नाही. म्हणून ती तक्त्यात होती. बरोबर?"

महेमूद टेबलावरच्या वायरी सारख्या करू लागला.

"तक्त्यात होती म्हणजे तिला चित्र होतं. ते चित्र मला कधी दिसलं नाही. म्हणजे त्यात दिसण्यासारखं काही नव्हतं. काचेसारखं कोरं, टिंबाएवढं चित्र असणार. ज्यांना ठाऊक होतं ते कळ दाबून खूण वाचत होते, आणि ज्याला ठाऊक नव्हतं त्याला फक्त स्तुती दिसत होती. आता प्रश्न एवढाच उरतो की असलं चित्र तक्त्यात नेऊन ठेवलं कोणी. तक्त्याला हात लावायचा तर त्याची किल्ली..."

वाक्य अर्धे राहिले. धर्मराज फदाट यांनी अर्धे सोडलेले बहुधा ते पहिलेच वाक्य असावे. ज्या निष्कर्षाकडे ते मित्राला हाताला धरून नेत होते तिथे तो मित्र आधीच बसलेला होता, आणि वर पाहत नव्हता.

तेवढ्यात महेमूदचा टेबलावरचा फोन वाजला. त्याने तो बंद करायला घाईने हात घातला; पण दिवसभर दोन्ही हात कामात असल्याने फोन स्पीकरवर ठेवलेला होता, आणि बोट भलत्याच जागी पडले.

"महेमूदभाई!" राधेश्यामांचा खणखणीत आवाज दुकानभर पसरला. "अहो, ती डुलकी उघडी पडली की सगळीकडे! ते चित्र जल्दी टाका. मास्तरनं बघितलं ना, तर रविवारी दोन भाषणं ठोकील! आपल्याला खरोखरच्या डुलक्या काढाव्या लागतील, आन् घोरलं तरी चुका दाखवील!"

धर्मराजांनी वाकून फोन आपल्याकडे ओढला.

"राधेश्यामजी, मास्तरांनी पाहिलं आहे."

पलीकडे कोणीतरी गिऱ्हाईक भाव विचारत होते, ते ऐकू आले. मग राधेश्याम अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "सर... नमस्कार सर. ते तसं न्हाई. ते आपलं प्रेमानं चाललेलं असतंय."

"नवव्या प्रकरणाला आपण लिहिलं आहे की डोळे उघडले, आणि त्यापुढे तीन डुलक्या आहेत. या दोहोंपैकी प्रेमानं लिहिलेलं कोणतं, तेवढंच सांगा."

"सर, गिऱ्हाईक आलंय. मी मागून लावतो फोन."

फोन बंद झाला. महेमूद उठला, दुकानाचे शटर अर्धे खाली ओढून आला आणि पुन्हा बसला.

"मी सांगणार होतो," तो म्हणाला.

"कधी?"

"पहिल्या वर्षीच. मंग राहून गेलं." त्याने थंड चहाची साय बोटाने बाजूला केली. "तू तो दंडक घातला होतास. दर प्रकरणाला प्रत्येकानं आठ दिवसांत अभिप्राय द्यायचा, न्हाई तर खाली त्याचं नाव मौनी म्हणून लागणार. लोकं जायला निघाल्ते, धर्मा. राधेश्याम निघाल्ता, वसंता निघाल्ता. चाळीस पानांचं प्रकरण, लोकांना दुकानं हायेत, शिफ्टा हायेत. मला म्हणले, आम्ही शब्द शोधायला येतो, पुस्तकं अदलाबदली करायला येतो, हे परीक्षा दिल्यागत काय लावलंय? मी म्हणलं, थांबा, जाऊ नका. लिहा चांगलं काहीतरी आणि मागं ही खूण टाका. ज्याला समजायचं त्याला समजंल की ह्यानं वाचलेलं न्हाई. एका प्रकरणापुरतं होतं ते. मस्करीत."

"आणि त्यांना सांगितलंस कसं?"

"व्हॉट्सॲपचा ग्रुप हाय. तू येत न्हाईस तिथं."

"मला तिथे बोलावलंच नव्हतं."

"बोलावलं असतं तर आला असतास का? तिथं सगळे चेहरेच चेहरे असतेत."

हे खरे होते, आणि ते धर्मराजांना त्या क्षणी अपमानासारखे लागले. ते म्हणाले, "लोक गेले असते तर गेले असते. चार उरले असते."

"चार न्हाई उरले असते. तू आन् मी."

"मग तेवढे पुरे होते."

महेमूदने मान वर केली. "तुला पुरलो असतो आपण दोघं? खरं सांग. दर प्रकरण टाकल्यावर तू मला फोन करायचास, 'किती आले?' 'कोण काय म्हणलं?' कधी मी काय म्हणलो ते इचारलंस का? मी ते लोकं धरून ठेवले तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी तू माझ्यावर हसणारी माणसं धरून ठेवलीस." धर्मराजांचा आवाज चढला नाही, उलट तो वर्गात उतारा वाचून दाखवताना लागायचा तसा सपाट झाला. "आणि मी इतकी वर्षं प्रत्येकाला दोन-दोन पानांचं आभाराचं उत्तर देत होतो. ती उत्तरंही तुम्ही ग्रुपवर वाचत असाल."

महेमूदने चहाचा कप दूर सारला, म्हणजे वाचत होते.

आता एकच प्रश्न उरला होता. तो विचारावा की विचारू नये, याचा धर्मराजांनी बराच वेळ विचार केला. उत्तर काहीही आले तरी त्यातून सुटका नव्हती, हे त्यांना दिसत होते. पण न विचारता उठणे हे त्यांच्या घडणीत नव्हते.

"तुझ्या अभिप्रायांपुढे खूण नाही. ती तुला लावायची गरज नव्हती म्हणून, की तू वाचलं होतंस म्हणून?"

"वाचलं," महेमूद म्हणाला. "सगळं. काही प्रकरणं दोनदा."

"आणि?"

"चांगलं हाय, धर्मा. लांबण हाय, पण चांगलं हाय. असं काम आपल्याकडं कुणी केलेलं न्हाई. ते मी मस्करीत म्हणत न्हाई."

धर्मराजांना वाटले होते की हे ऐकले की निदान एक ओझे उतरेल. उतरले नाही. ज्याला ग्रंथ टाकाऊ वाटला त्याने त्याची थट्टा होऊ दिली असती, तर त्यात एक प्रकारची सचोटी होती. त्याला क्षमा करता आली असती. याला तो चांगला वाटला होता. चांगला आहे हे ठाऊक असून त्याने तो हसणाऱ्यांपुढे ठेवला, आणि हसू कोणाला दिसू नये म्हणून त्यावर काच बसवली.

"सातव्यात मात्र एक चूक हाय," महेमूद हळूच पुढे म्हणाला. आता लपवायचे नाही असे त्याने ठरवलेले दिसत होते, आणि त्याला थांबवता येईना. "त्या राजनंदिनीबाईंनी दाखवली होती ती. जुन्या पत्रांतली वाक्यं किती लांब असायची, ते तू मोजलंस. पण ती पत्रं मोडीत. मोडीत पूर्णविराम नसतेत. ते छापणाऱ्यानं मागून टाकलेले. म्हणजे तू मोजलं ते छापणाऱ्याचं, लिहिणाऱ्याचं न्हाई. मी जाऊन पाहिलं. बाई बराबर होती."

दुकानाबाहेर एका बसचा वाहक अंबड, अंबड म्हणून ओरडत होता. धर्मराजांच्या डोळ्यांपुढे सातवे प्रकरण आपोआप उघडले गेले: त्यातले कोष्टक, कोष्टकाखालचा निष्कर्ष, त्या निष्कर्षावर उभी असलेली आठव्या आणि नवव्या प्रकरणांची इमारत. मोडीतले पूर्णविराम. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या ध्यानात यावी अशी गोष्ट. बाईंनी ती सरळ लिहिली होती, त्यांच्या तोंडावर, आणि पुढे एक हसरा चेहरा काढला होता, जो सगळ्यांना दिसत होता.

"हे तुला तेव्हाच ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हां."

"आणि तू त्यांना काढलंस."

"तू काढायला लावलंस."

"मी चुकत होतो, हे तुला ठाऊक होतं. तू माझ्या कानात सांगू शकला असतास. शाळेत माझ्या गणितातली चूक तू बाकाखालून पाय मारून सांगायचास." त्यांनी स्टूल मागे सरकवले. "रविवारी मी तेच प्रकरण व्यासपीठावरून वाचणार होतो. सगळ्या जालन्यासमोर. तू पहिल्या रांगेत बसून ऐकणार होतास."

महेमूदने दोन्ही हात डोक्यावर घेतले. मग त्याने पडदा धर्मराजांकडे वळवला. "तू म्हण, मी करतो. दोन रस्ते हायेत. फायलीचं नाव बदलून चित्र पुन्हा बसवतो, डुलकी झाकली जाईल. राधेश्याम बोलायचा न्हाई, कुणीच बोलायचं न्हाई. न्हाई तर सगळ्या लेखांतून तो शब्दच काढून टाकतो. एक हुकूम दिला की सगळीकडून जातो. खाली फक्त चांगलं चांगलं राहील."

पडद्यावर राधेश्यामांचा दीपस्तंभ उघडा होता. तो शब्द काढल्यावर ते वाक्य कसे दिसेल, याची धर्मराजांनी क्षणभर कल्पना केली. शुद्ध, पूर्ण, अर्थवाही. आणि त्यात एक अक्षरही खरे नव्हते.

"काहीही करू नका," ते म्हणाले. "आहे तसं राहू द्या. त्या अभिप्रायांत तेवढा एकच शब्द त्यांनी मनापासून लिहिला आहे. तो पुसायचा अधिकार तुम्हाला नाही आणि मलाही नाही."

'तुम्हाला' हा शब्द महेमूदच्या कानावर पडला तेव्हा त्याने चमकून पाहिले. पहिलीच्या वर्गापासून आजतागायत त्या दोघांत अहोजाहो झालेले नव्हते. लग्नातही नाही, कोणाच्या मयतीतही नाही.

"धर्मा, असं नको बोलू."

"सातव्या प्रकरणावर मी आज दुरुस्ती टाकीन. राजनंदिनीबाईंचं सभासदत्व परत द्या, आणि त्यांना का काढलं होतं ते माझ्या नावानं लिहा. संमेलनाला दुसरा अध्यक्ष बघा." ते उठले. अर्ध्या शटरखालून बाहेर पडायला त्यांना बरेच वाकावे लागले; महेमूद शटर वर करायला धावला, तोवर ते रस्त्यावर पोचले होते.

टेंभुर्णीची जीप भरत आली होती. धर्मराजांना खिडकीजवळची जागा मिळाली. त्यांच्या शेजारी गावातलीच एक म्हातारी, साळूबाई, औषधाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. चालक आणखी दोन माणसांसाठी हाका मारत होता. रस्ता ओलांडून महेमूद आला, आणि खिडकीच्या गजाला धरून उभा राहिला. त्याला दम लागला होता.

"मी उद्या येतो घरी," तो म्हणाला. "दैवशालावहिनीसमोर बोलू. जे बोलायचं ते बोल मला, शिव्या दे. पण रविवारी ये. तू न्हाई तर मी कशाला जाऊ तिथं?"

"तुम्ही जायला हवं. तुमची माणसं आहेत ती."

"माझी न्हाईत. कसम सांगतो, धर्मा. तुझ्याखातर ठेवली होती."

धर्मराज समोर पाहत राहिले. त्यांच्याजवळ या वाक्याला देण्यासारखी पुष्कळ उत्तरे होती, चांगली बांधलेली, एकाहून एक बिनतोड. त्यातले एकही द्यावेसे त्यांना वाटले नाही. दोन माणसे मिळाली, चालकाने दार आपटले आणि जीप हलली. महेमूद चार पावले गज धरून बरोबर चालला. मग त्याचा हात सुटला.

"सर, कोण हो ते?" साळूबाईने विचारले. "लईच काकुळतीला आल्तं बिचारं."

"जाफराबादला दुकान आहे त्यांचं," धर्मराज म्हणाले. "ओळखीचे आहेत."